दप्तराबाहेरचा इतिहास : रोमा चित्रपटकार टोनी गातलिफ



आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी कुलवृत्तांत येतात, ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची आणि अलीकडे स्त्रियांचीही चरित्रे येतात, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी येते. यंदा संपादक मंडळाने इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा मी एका परदेशस्थ चित्रपटकाराचे चरित्र निवडले याचे काही वाचकांस नवल वाटेल. हा गृहस्थ आपल्या ज्ञातीचा नाही, आपल्या धर्माचा नाही, आणि त्याचा व्यवसायही आपल्या वडीलधाऱ्यांनी फारसा प्रतिष्ठेचा मानला नसता. तरीही ज्या कामासाठी आपण ही स्मरणिका काढतो तेच काम त्याने जन्मभर केले. आपल्या माणसांची हकिकत आपल्या तोंडाने सांगावी, एवढेच ते काम. फरक इतकाच, की आपल्यापाशी बखरी, सनदा, वंशावळी आणि छापखाना होता. त्याच्या समाजापाशी यांतील काहीही नव्हते.

ज्यांना जग ‘जिप्सी’ म्हणते त्या रोमा समाजाचे हे चित्रपटकार म्हणजे टोनी गातलिफ. त्यांच्या कार्याचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी आधी त्या समाजाची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे.

‘जिप्सी’ हा शब्दच मुळी एका चुकीतून जन्मला. हे लोक इजिप्त देशातून आले असावेत अशी युरोपियनांची समजूत होती, आणि ‘इजिप्शियन’चा अपभ्रंश होऊन ‘जिप्सी’ झाला. ते स्वतःस ‘रोम’ म्हणवितात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ आपल्यातला माणूस. संस्कृतातील ‘डोम्ब’ शब्दाशी त्याचे नाते असावे असे बहुतेक भाषापंडित मानतात, आणि आपल्याकडील ‘डोंबारी’ या शब्दातही तोच ध्वनी ऐकू येतो. शब्दाचे नाते म्हणजे रक्ताचे नाते नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे.

रोमांचे पूर्वज सुमारे एक हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले. याचा पुरावा कोणत्याही ताम्रपटात मिळाला नाही. तो मिळाला त्यांच्या जिभेवर. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विद्वानांनी त्यांची भाषा तपासली आणि ती हिंदुस्थानी भाषांची बहीण आहे हे दाखवून दिले. मराठी वाचकास तर यासाठी पंडिताचीही गरज पडू नये. रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात, माणसाला ‘मानुष’, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’, काळ्याला ‘कालो’. गावाला ‘गाव’ आणि घराला ‘खेर’ म्हणतात. मिठाला ‘लोन’ म्हणतात. आपल्या लोणच्यात तेच लोण आहे. एक ते सहा हे अंक ऐकताना आपल्याकडचे मूल पाढे म्हणत आहे असे वाटते. पुढे सात, आठ आणि नऊ हे अंक मात्र ग्रीक आहेत, आणि दहाला पुन्हा ‘देश’, म्हणजे आपले दश. रस्त्याला ‘द्रोम’ म्हणतात. तोही शब्द ग्रीकच. म्हणजे पाणी, मीठ आणि गाव हे शब्द त्यांनी घरून नेले, आणि रस्ता हा शब्द रस्त्यातच उचलला. ज्या लोकांनी रोजनिशी लिहिली नाही त्यांच्या भाषेनेच त्यांची रोजनिशी सांभाळली, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे आपणा मराठी माणसांस अभिमानाने आठवावे असे एक नाव आहे. झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडितांनी मराठी भाषेच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला त्याचा अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केला, आणि तो आपल्या जुन्या ग्रंथालयांतून आजही आढळतो. याच ब्लोक महाशयांनी १९५३ साली रोमांवर फ्रेंच भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. मराठीचा मागोवा घेणारा विद्वान उतारवयात या भटक्यांच्या भाषेकडे वळला, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. एकाच झाडाच्या दोन फांद्या त्याने पाहिल्या.

आता त्यांच्या लिखित इतिहासाकडे वळू. तो लिहिला गेला, परंतु इतरांच्या दप्तरात. रुमानियातील वालाकिया आणि मोल्दाविया या संस्थानांत रोमा लोक शतकानुशतके गुलाम होते. सरदार, मठ आणि राजा यांच्या मालमत्तेच्या याद्यांत त्यांची नोंद होई. १८५५-५६ साली ही गुलामी संपूर्ण उठली. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने तेरा वर्षांवरील प्रत्येक भटक्यास एक मापपुस्तिका बाळगणे सक्तीचे झाले. तीत उंची, छाती आणि डोके यांची मापे, बोटांचे ठसे व छायाचित्र असे. गावात शिरताना आणि गाव सोडताना तीवर शिक्का मारून घ्यावा लागे. आपल्याकडे इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून मुलास पाळण्यातच चोर ठरविले आणि पुढे काटेरी तारांच्या वसाहती उभारल्या, त्याची येथे आठवण होते. आपल्याकडील तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. फ्रान्समधील पुस्तिका १९६९ साली नाव व रूप बदलून पुढे चालू राहिली, आणि भटक्यांनी परवाना-पुस्तिका बाळगण्याची अट पूर्णपणे रद्द झाली ती २०१७ साली. एवढ्या जाडजूड नोंदी, पण त्यांत रोमा माणसाचे स्वतःचे एकही वाक्य नाही.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून आता चरित्रनायकाकडे येऊ.

टोनी गातलिफ यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी अल्जीरियाची राजधानी अल्जीयर्स येथे झाला. मूळ नाव मिशेल दाहमानी. वडील काबिल या बर्बर वंशाचे, आई स्पेनकडील रोमा वंशाची. तेव्हा अल्जीरियावर फ्रेंचांचे राज्य होते, आणि हे कुटुंब शहराबाहेरील गरीब वस्तीत राहत असे. मुले शाळेत टिकत नसत. अशा वेळी तेथील एका शिक्षकाने जे केले ते मी आपणांस मुद्दाम सांगतो, कारण माझ्या दृष्टीने या चरित्राची गुरुकिल्ली तेथे आहे. त्याने सोळा मिलिमीटरचे एक प्रक्षेपणयंत्र आणले आणि दर आठवड्यास वर्गात चित्रपट दाखविण्यास सुरुवात केली. चार्ली चॅप्लिन, जॉन फोर्ड, झाँ व्हिगो यांच्या कलाकृती त्या वस्तीतील पोरांनी शाळेच्या भिंतीवर पाहिल्या. पुढे ज्याचे नाव जगभर झाले, त्याचे विद्यापीठ म्हणजे ती भिंत.

घरच्यांनी लहान वयातच लग्न ठरविल्यामुळे हा मुलगा घरातून पळाला. अल्जीयर्सच्या रस्त्यांवर त्याने जोड्यांना पॉलिश केले. स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना, १९६० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत, तो समुद्र ओलांडून फ्रान्सला गेला. तेथे ना नातेवाईक, ना निवारा. भटकणे, किरकोळ गुन्हे आणि सुधारगृह हा अशा मुलांचा ठरलेला मार्ग. तो त्याच्याही वाट्यास आला. पॅरिसमध्ये तो चित्रपटगृहांत शिरे, तो पुष्कळदा केवळ ऊब मिळावी आणि झोप घ्यावी म्हणून. परंतु शाळेच्या भिंतीवरची ओढ सुटलेली नव्हती.

१९६६ साली एके दिवशी, नाटकाचा प्रयोग संपल्यावर, हा अठरा वर्षांचा मुलगा थेट रंगभूषेच्या खोलीत जाऊन फ्रान्सचे थोर नट मिशेल सिमों यांच्यापुढे उभा राहिला. सिमों त्याचे दैवत होते. सिमोंनी त्याला हाकलून दिले नाही. आपल्या व्यवस्थापकाच्या नावे शिफारसपत्र लिहून दिले. त्या चिठ्ठीच्या आधारे नाट्यशिक्षणाचा मार्ग उघडला, आणि १९७२ साली तो पॅरिसच्या प्रतिष्ठित रंगमंचावर, एडवर्ड बाँड यांच्या नाटकात, जेरार देपार्दियू यांच्याबरोबर उभा राहिला. वाचकहो, एका माणसाच्या आयुष्याला दोन वळणे मिळाली, एक शिक्षकाच्या यंत्राने आणि एक नटाच्या चिठ्ठीने. दोघांचाही त्यात काडीचा स्वार्थ नव्हता.

नट म्हणून स्थिरावता आले असते, पण गातलिफ यांना सांगावयाचे होते. सुधारगृहातील अनुभवांवर त्यांनी पहिली पटकथा लिहिली. १९७५ साली त्यांनी स्वतः पहिला चित्रपट केला. १९७८ मध्ये अल्जीरियाच्या युद्धावर दुसरा केला. मग ते स्पेनमध्ये ग्रानादा आणि सेविल येथील रोमांकडे गेले आणि त्यांच्याबरोबर आणखी एक चित्रपट केला. मातृकुलाकडे वळण्याची ही सुरुवात होय.

१९८३ साली ‘ले प्रेंस’, म्हणजे ‘राजपुत्र’, हा त्यांचा चित्रपट आला. नाव ऐकून राजवाडा डोळ्यांपुढे येईल; प्रत्यक्षात तो पॅरिसबाहेरच्या मोडकळीस आलेल्या चाळीत घडतो. नारा नावाचा रोमा गडी तेथे आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर आणि लहान मुलीबरोबर राहतो. संततिनियमनाच्या गोळ्या घेतल्या म्हणून त्याने बायकोस घराबाहेर काढलेले आहे. पुढे या कुटुंबासही घराबाहेर काढण्यात येते आणि ते रस्त्यावर येते. येथे गातलिफ यांची एक थोरवी नजरेस येते. आपल्या समाजावर अन्याय झाला एवढेच सांगून ते थांबत नाहीत. आपल्या समाजातील पुरुषाने आपल्या स्त्रीवर केलेला अन्यायही ते त्याच चौकटीत ठेवतात. ज्ञातीचा इतिहास लिहिणाऱ्याने ही गोष्ट शिकून घेण्याजोगी आहे. आपल्या स्मरणिकांतून आपण कर्तबगारीच तेवढी छापतो, दोष पदराआड ठेवतो.

यापुढे ते स्वतःच्या मार्गाने चालू लागले. कथा-पटकथा स्वतःची, दिग्दर्शन स्वतःचे, पुष्कळदा संगीतही स्वतःचे, आणि पुढे निर्मितीसाठी स्वतःची संस्था. तिलाही त्यांनी त्याच चित्रपटाचे ‘प्रेंस’ हे नाव दिले. मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांपुढे हात पसरला की पडद्यावरचा जिप्सी कसा असावा हेही भांडवलवालेच ठरवितात, म्हणजे कानात डूल, हातात पत्ते आणि कमरेला सुरी. त्या वेषातून आपली माणसे सोडवावयाची तर खर्च कमी आणि मालकी आपली, हाच उपाय होता. नटांऐवजी ते वस्तीतील माणसेच कॅमेऱ्यापुढे उभी करीत.

१९९३ साली आलेला ‘लाच्चो द्रोम’ हा या मार्गावरचा मोठा टप्पा. लाच्चो म्हणजे चांगला. द्रोम म्हणजे रस्ता, हे वर आलेच आहे. निघालेल्या माणसास आपण ‘सुखरूप जा’ म्हणतो तसा हा निरोप आहे. हा चित्रपट सुरू होतो तो राजस्थानच्या वाळवंटात. तेथून इजिप्त, तुर्कस्तान, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि फ्रान्स करीत तो स्पेनला संपतो. सुमारे पावणेदोन तासांत निवेदकाचा आवाज नाही, आणि संवाद जवळजवळ नाहीतच. आहे ते केवळ गाणे, वाजविणे आणि नाचणे. राजस्थानातील त्या कलावंतांना कोणी रोमा म्हणू नये. ते आपले लोककलावंत आहेत. पूर्वजांनी कोठून पाऊल उचलले असेल ते सुचविण्यासाठी गातलिफ यांनी त्यांना आरंभी बसविले.

या चित्रपटातील दोन प्रसंग मला विशेष वाटतात. रुमानियातील एक वृद्ध वादक व्हायोलिनच्या तारेला धनुकलीचा एक केस बांधतो, आणि तो बोटांनी ओढून करकरता, रडवेला सूर काढीत पदच्युत हुकूमशहाच्या पतनाचे कवन गातो. शेजारी एक मुलगा कान देऊन ऐकत आहे. आपल्याकडे पोवाड्याने जे केले तेच हे. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या समाजाने राज्यक्रांतीची नोंद तारेवर केली आहे. दुसरा प्रसंग स्लोव्हाकियातील. एक म्हातारी ऑशविट्झच्या छळछावणीचे गाणे गाते आणि तिच्या हातावर गोंदलेला आकडा दिसतो. नाझींनी २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री त्या छावणीतील उरलेल्या हजारो रोमा स्त्रिया, मुले आणि वृद्धांना विषारी वायूने मारले. हातावरचा आकडा ही मारणाऱ्यांची नोंद, आणि ओठांवरचे गाणे ही तिची स्वतःची नोंद. दोन्ही एकाच चौकटीत आल्या, त्यावर भाष्य करण्याची गरज दिग्दर्शकास वाटली नाही.

१९९७ साली ‘गाजो दिलो’ आला. गाजो म्हणजे रोमा नसलेला मनुष्य, दिलो म्हणजे वेडा. एक फ्रेंच तरुण आपल्या दिवंगत वडिलांना प्रिय असलेल्या एका गायिकेचा आवाज शोधीत, ध्वनिफीत घेऊन, हिवाळ्यात रुमानियातील एका रोमा वस्तीत येऊन पडतो. त्याला भाषा येत नाही. वस्तीतील लोक त्यालाच चोर समजून भितात. रोमांवर नेहमी होणारा आरोप उलटा फिरवून दाखविण्यातला हा विनोद मार्मिक आहे. इझिदोर नावाचा म्हातारा वादक त्याला आसरा देतो. भूमिका करणाऱ्यांत दोनतीन व्यावसायिक नट सोडले तर बहुतेक वस्तीतीलच लोक आहेत. पुढे इझिदोरचा मुलगा तुरुंगातून सुटून येतो, गुत्त्यात तंटा होतो, आणि गावकरी सारी वस्ती जाळून टाकतात. ही कल्पित कथा खरी. पण चारच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९९३ मध्ये, रुमानियातील हादारेन या गावी जमावाने रोमांची घरे जाळली होती आणि तीन रोमा माणसे मारली गेली होती. शेवटी तो फ्रेंच तरुण जमविलेल्या सर्व ध्वनिफिती रस्त्यातील मैलाच्या दगडावर फोडतो, खड्डा करून पुरतो, आणि त्या जागेवर नाचतो. माणसे जळाली आणि त्यांची गाणी आपल्या पेटीत सुरक्षित राहिली, तर तो संग्रह कोणाचा, हा प्रश्न त्याला पडला असावा. लोकगीते गोळा करणाऱ्या आपल्या विद्वानांनीही तो स्वतःस विचारावा. या चित्रपटाच्या आणि २००० साली स्पेनमध्ये केलेल्या ‘व्हेंगो’च्या संगीतासाठी गातलिफ यांना फ्रान्सचा सेझार हा सन्मान मिळाला.

२००२ च्या ‘स्विंग’मध्ये फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील रोमा वस्ती आहे. सुटीत आलेला एक शहरी मुलगा तेथील वादकाकडून गिटार शिकतो, आणि शिकवणीच्या मोबदल्यात त्याची सरकारी पत्रे लिहून देतो. एकाजवळ अक्षर, एकाजवळ सूर. त्या मुलाची मैत्री एका रोमा मुलीशी जुळते. सुटीची हकिकत लिहिलेली वही तो जाताना तिला देतो. तिला मात्र वाचता येत नाही. जन्मभर अक्षरे शिकविलेल्या माणसाला तो प्रसंग पाहवत नाही.

२००४ साली ‘एग्झील’ या चित्रपटासाठी फ्रान्समधील कान महोत्सवात गातलिफ यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा सन्मान मिळाला. त्यात पॅरिसमधील एक जोडपे उलट्या दिशेने, स्थलांतरितांच्या लोंढ्याविरुद्ध चालत, स्पेनमार्गे अल्जीयर्सला जाते. बाराचौदा वर्षांचा असताना पळालेला मुलगा चाळीसहून अधिक वर्षांनी या निमित्ताने जन्मभूमीस परतला.

आणि मग २००९ साली ‘लिबेर्ते’, म्हणजे ‘स्वातंत्र्य’. या चित्रपटापाशी मी आपणांस थोडा वेळ थांबवितो. दुसऱ्या महायुद्धाचा काळ आहे. ६ एप्रिल १९४० च्या हुकुमाने फ्रान्समध्ये भटक्यांच्या फिरण्यास बंदी झाली. जर्मन सैन्य येण्यापूर्वीच, प्रजासत्ताकाच्या स्वतःच्या सरकारने तो हुकूम काढला होता. पुढे छावण्या उभ्या राहिल्या आणि सहा हजारांहून अधिक माणसे त्यांत डांबली गेली; त्यांतील शेवटची सुटली ती १९४६ साली, म्हणजे देश मुक्त होऊन बराच काळ लोटल्यावर. चित्रपटातील रोमा कुटुंब द्राक्षांच्या तोडणीसाठी एका खेड्यात येते आणि अडकते. गावचा नगराध्यक्ष आपल्या मालकीचे घर नाममात्र किमतीस त्यांच्या नावे करून देतो, कारण घर असले की माणूस भटका राहत नाही. गावची शिक्षिका मुलांना शाळेत बसविते. तालोश नावाच्या अर्धवट, निष्पाप गड्यास मात्र छपराखाली गुदमरते. त्या घरात तो नळ उघडतो आणि पाण्याला वाट देतो. कोंडलेले पाणी त्यास बघवत नाही. पाण्याला त्याच्या भाषेत काय म्हणतात हे आपणांस आता ठाऊक आहेच. ही भूमिका जेम्स थिएरे यांनी केली, आणि ते चार्ली चॅप्लिन यांचे नातू आहेत. अल्जीयर्सच्या शाळेच्या भिंतीवर ज्याला पाहिले त्याच्याच नातवापुढे कॅमेरा धरण्याचा योग त्या जुन्या विद्यार्थ्यास आला.

यातील शिक्षिकेचे पात्र इव्हेत ल्यूंदी या प्रत्यक्षातील शिक्षिकेवरून बेतलेले आहे. मार्न प्रांतातील एका खेड्यात त्या शाळा चालवीत आणि नगरकचेरीचे चिटणीसपणही पाहत. कचेरीचे शिक्के हाताशी असल्याने त्यांनी पुष्कळ संकटग्रस्तांना खोटी ओळखपत्रे करून दिली. जून १९४४ मध्ये त्यांना अटक होऊन राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडण्यात आले. त्या वाचल्या, आणि १०३ वर्षांचे आयुष्य लाभून २०१९ साली वारल्या. उतारवयात त्या शाळाशाळांतून मुलांना आपली हकिकत सांगत. ज्या शिक्क्याने माणसे डांबली जात होती, त्याच शिक्क्याने या बाईंनी माणसे सोडविली.

चित्रपटानंतर सात वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, फ्रान्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष फ्राँस्वा ओलाँद यांनी मोंत्रय-बेले येथील जुन्या छावणीच्या जागी उभे राहून फ्रान्सची जबाबदारी मान्य केली. ते एका चित्रपटाने घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. इतिहास-संशोधकांनी आणि रोमा संघटनांनी कित्येक वर्षे खस्ता खाल्ल्या होत्या. परंतु जी गोष्ट शाळेच्या पाठ्यपुस्तकात नव्हती ती हजारो सामान्य प्रेक्षकांस या चित्रपटाने दाखविली, एवढे श्रेय निश्चित द्यावे लागेल.

गातलिफ यांच्यावर टीका होत नाही असे नाही. गाणे, नाच, मद्य आणि रस्ता यांवर त्यांचा भर इतका असतो, की रोमा म्हणजे भटका गवई हा जुनाच समज त्यातून घट्ट होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. युरोपातील रोमांची संख्या एक कोटीच्या घरात मानली जाते, आणि त्यांतील फार मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहणारा आहे. त्यांत कामगार आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. त्यांचा हक्काचा चित्रपट अजून कमीच आहे. पण एका माणसाने साऱ्या समाजाची बखर पुरी करावी अशी अपेक्षा धरणे न्यायाचे नव्हे. त्याने पहिली पाने लिहिली. पुढली इतरांनी लिहावयाची आहेत.

आता एक गोष्ट सांगतो आणि लेख संपवितो. ती सांगण्यासाठीच हा विषय मी घेतला, असे म्हटले तरी चालेल.

१९८७ सालच्या पावसाळ्यात मी ज्या गावी शिक्षक होतो तेथे माळावर डोंबारी समाजाची चार पाले पडली होती. त्यांतील एक मुलगा शाळेत येऊ लागला. त्याला अंकांची उत्तम जाण होती. पाढे तो तालावर म्हणे, आणि वर्गातील इतर मुलेही त्याच्यामागून तसेच म्हणू लागली. दसऱ्यानंतर पाले हलली आणि मुलगा येईनासा झाला. काही दिवस मी हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडली. मग नियमाप्रमाणे ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहून लाल शाईने त्याचे नाव पटावरून कमी केले. पालांचा पुढला मुक्काम कोठे आहे याची मी चौकशी केली नाही. तेथील शाळेस द्यावी अशी एक चिठ्ठीही त्याच्या बापाकडे दिली नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ तेव्हा मी वाचलेले होते. शिक्षकांच्या खोलीत त्याची तोंड भरून स्तुतीही केली होती. आपल्याच पटावरचे नाव खोडताना मला ते पुस्तक आठवले नाही.

माझ्या हातून नियमभंग झाला नाही. तपासनीस साहेबांनी त्या वर्षी माझ्या दप्तरास ‘उत्तम’ असा शेरा दिला. परंतु अल्जीयर्सच्या त्या शिक्षकाची आणि इव्हेत ल्यूंदी बाईंची हकिकत कळल्यापासून मला ते लाल शाईचे अक्षर राहून राहून दिसते. दप्तर त्यांच्याही हाती होते आणि माझ्याही. त्यांनी दप्तराबाहेर पाहिले.

आपल्या संस्थेचे विद्यार्थी-साहाय्य आपल्या ज्ञातीतील मुलांपुरते आहे, आणि घटनेप्रमाणे ते योग्यही असेल. तरी आपल्या कुटुंबांतून आज पुष्कळ शिक्षक-शिक्षिका आहेत, कचेऱ्यांतून शिक्के सांभाळणारे अधिकारी आहेत. त्यांना या म्हाताऱ्या मास्तराची एवढीच विनंती, की पटावरचे एखादे नाव कमी करण्यापूर्वी ते मूल कोणत्या गावी गेले याची एकदा चौकशी करावी. मी मागितलेली चौकशी जुन्या दप्तरातल्या चौकशीहून निराळी आहे. ती मुलाला अडविण्यासाठी नव्हे. पुढल्या गावच्या शाळेचे दार त्याच्यासाठी आधीच उघडे असावे म्हणून आहे.